ब्रीदरमधून ऑइल येतंय? ब्रीदर बदलण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या कुठल्याही गल्लीत उभे राहा, इंजिनाचं काम करणारा माणूस हाकेच्या अंतरावर सापडतो. बोअर मारून मिळतो, हेड घासून मिळतं, हवा तो पार्ट लेथवर उतरतो. त्यामुळे इथं हौसेनं इंजिन तयार करून घेणारे पुष्कळ आहेत: एस्टीम, जिप्सी, जुनी होंडा सिटी, अलीकडे टर्बोवाल्या पोलो. इंजिन तयार होतं, गाडी गगनबावड्याला एक चक्कर मारून येते, बॉनेट उघडलं की टॅपेट कव्हरवरचा (इंजिनाच्या वरच्या झाकणावरचा) ब्रीदर, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारं तोंड, ऑइलनं न्हालेला आणि खाली हेडरवर (एक्झॉस्टच्या पाइपांवर) जळक्या ऑइलचे डाग. मग ब्रीदर फिल्टर बदलला जातो. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

ब्रीदरचा दोष जवळजवळ कधीच नसतो. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या पोटात) उतरतोच. हाच ब्लो-बाय, आणि तो नव्याकोऱ्या इंजिनातही असतो. ताकद, आरपीएम किंवा बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला की तोही वाढतो. कंपनीच्या गाडीत त्याला दोन वाटा असतात. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसचा वायू एकाच दिशेनं सोडणारी झडप) इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरला हवा पोचवणाऱ्या नळ्यांना) जाते. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) आणि हलक्या पायावर तिथं व्हॅक्यूम असतो, म्हणून वायू ओढून घेतला जातो. दुसरी टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरच्या नळीला जाते आणि एरवी तिच्यातून ताजी हवा आत येते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम संपतो, आणि नेमका तेव्हाच ब्लो-बाय सर्वांत जास्त असतो. अशा वेळी दुसऱ्या वाटेतला प्रवाह उलटा फिरतो. म्हणून शहरात कोरडा असणारा ब्रीदर घाटात ओला होतो.

प्रश्न दोनच आहेत: वायू किती येतोय, आणि बाहेर पडताना त्याला तोंडाशी ऑइल का मिळतंय. कुकरमध्ये डाळ-पाणी जास्त झालं की शिट्टीतून वाफेबरोबर पिवळं पाणी उडतं. तिथं शिट्टी बदलून उपयोग नसतो.

ऑइल कधी येतं हे न बघताच काम सुरू करणं

गाडी आणल्यावर मिस्त्रींनी पहिलं विचारायला हवं ते हे. फक्त वळणावर येतं का? मग ऑइल एका बाजूला जाऊन ब्रीदरच्या तोंडाशी पोचतंय. रिंगा बहुधा ठीक आहेत. हायवेला लांब, सरळ खेचताना येतं? मग ब्लो-बाय जास्त आहे किंवा ब्रीदरचा पाइप बारीक आहे. टर्बो गाडीत फक्त बूस्टवर येत असेल तर आधी पीसीव्हीचा वन-वे व्हॉल्व्ह तपासा. तो बिघडला की मॅनिफोल्डमधला बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरतो आणि मग कितीही मोठा ब्रीदर लावा, तो ऑइल फेकणारच. पाइप काढून तोंडानं फुंकलं तरी कळतं: हवा एकाच दिशेनं जायला पाहिजे.

ओलसरपणा आहे की धार, हेही बघा. फिल्टरवर बारीक तुषार बसून धूळ चिकटणं वेगळं आणि पेलाभर ऑइल बाहेर येणं वेगळं. धार असेल तर वायूचा विचार नंतर करा. आधी ऑइल तिथं पोचतंच कसं ते शोधा.

टॅपेट कव्हरच्या आतली पेटी हरवणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत दुर्लक्षित चूक ही आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

कंपनीचं कव्हर उलटं करून टेबलावर ठेवा. ब्रीदरच्या नळीखाली पत्र्याची चपटी पेटी दिसेल, स्क्रूनं किंवा रिव्हेटनं बसवलेली. हा बॅफल. वायू एका टोकानं शिरतो, आत वळणं घेतो, ऑइलचे थेंब पत्र्याला धडकून तिथंच राहतात आणि खालच्या बारीक भोकातून परत हेडवर टपकतात. वायू वर जातो, ऑइल खाली. कव्हरखाली कॅम आणि रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) हजारो आरपीएमवर ऑइल उडवत असतात. मध्ये ही पेटी नसेल तर ते थेट नळीच्या तोंडावर बसतं.

ती जाते कशी? कव्हर रंगवायला, पावडर कोटिंगला दिलं की अडचण नको म्हणून कुणीतरी रिव्हेट तोडतं आणि परत बसवायचं राहून जातं. बाजारातल्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये तर पुष्कळदा बॅफल नसतोच. नुसतं भोक पाडून वर ब्रीदर खोचलेला असतो.

उलट चूक याहून महाग पडते. कोल्हापूर फौंड्रीवाल्यांचं गाव. शॉट ब्लास्टिंग हाताशी आहे, त्यामुळे कव्हर पेटीसकट ब्लास्टिंगला टाकलं जातं. बारीक दाणे पेटीत अडकतात. धुतल्यावरही सगळे निघत नाहीत. इंजिन सुरू झाल्यावर ते ऑइलबरोबर खाली उतरतात आणि बेअरिंग खातात. ब्लास्टिंग करायचंच असेल तर पेटी आधी काढा, भोकं बुजवा आणि धुतलेलं कव्हर पांढऱ्या कागदावर आपटून बघा. एक दाणा जरी कागदावर पडला तरी पुन्हा धुवा.

पेटी नसेल तर करून घेता येते. १.५ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, ब्रीदरच्या भोकाभोवती तीन बाजूंनी बंद, एका बाजूनं तोंड उघडं, ते तोंड रॉकरच्या उलट दिशेला आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यात ५-६ मिमीचं भोक. कॅम-रॉकरपासूनचं अंतर डोळ्यानं मोजू नका. पत्र्याखाली मुलांची खेळायची क्ले लावा, कव्हर बसवा, इंजिन हातानं दोन फेरे फिरवा, कव्हर काढून क्लेची जाडी बघा. किमान ३ मिमी राहिली पाहिजे. स्क्रूला थ्रेडलॉक लावा. तिथला सुटलेला स्क्रू सरळ व्हॉल्व्हच्या कामात जाऊन पडतो.

घाटात ऑइल कमी पडू नये म्हणून जास्त भरणं

"वळणावर ऑइल लाइट लागते, अर्धा लिटर जादा टाका" हा सल्ला फार चालतो. त्यानं क्रँक ऑइलला टेकतो, ते घुसळलं जातं, फेस होतो आणि तो फेस वायूबरोबर वर येतो. लाइटचं कारण चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल एका बाजूला पळणं हे आहे. त्याला चेंबरमध्ये आडवे पत्रे, शक्य तर झडपवाले, हा उपाय. डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघा आणि वरच्या खुणेच्या आत राहा.

याचाच जोडीदार म्हणजे हेडमध्ये साठणारं ऑइल. जास्त क्षमतेचा ऑइल पंप बसवला, हेडमधून खाली उतरायची भोकं मात्र जुनीच आणि त्यांत कार्बन किंवा पॅकिंगच्या सिलिकॉनचे तुकडे. निस्सानचं आरबी२६ इंजिन याच रोगासाठी जगभर ओळखलं जातं. जास्त आरपीएमवर ऑइल वरच साठून राहतं, म्हणून त्यात हेडकडे जाणाऱ्या ऑइलला रेस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा तुकडा) लावतात आणि हेडमधून चेंबरला वेगळी नळी जोडतात. ते बघून आपल्या इंजिनात रेस्ट्रिक्टर ठोकू नका. कॅमला पोचणारा दाब मोजल्याशिवाय ऑइल कमी केलं तर कॅम जातो. हेड उघडलं असेल तेव्हा उतरायची भोकं तारेनं साफ करा, कडा गोल करा. एवढं निर्धास्त करा.

रिंगांची तपासणी टाळणं

हे काम कुणाला नको असतं, कारण उत्तर महाग निघू शकतं. पण लीक-डाउन टेस्टला तासभर पुरतो. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर, व्हॉल्व्ह बंद) आणा, कंप्रेसरची १०० पीएसआय हवा द्या आणि गळती किती टक्के ते बघा. चांगल्या इंजिनात ती १० टक्क्यांच्या आत असते. २० च्या वर गेली तर कारण शोधलंच पाहिजे. मग कान लावा. ऑइल फिलरमधून सूं आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

नुकत्याच बांधलेल्या इंजिनात रिंगा दोषी निघाल्या तर कारणं ठरलेली असतात. होनिंग (सिलिंडरच्या आतली बारीक घासाई) नीट नाही. दुसरी रिंग उलटी बसली. तिच्यावरची खूण वरच्या बाजूला पाहिजे, नाहीतर ती ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर नेते. किंवा गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) अंदाजानं ठेवली. एस्टीमच्या जी१३ इंजिनाचा बोअर ७४ मिमी. साध्या पेट्रोलवर वरच्या रिंगेची गॅप ०.३० मिमीच्या आसपास येते, टर्बो लावला तर ०.४० च्या पुढे. शेवटचा शब्द रिंग बनवणाऱ्याच्या कागदाचा. आणि नव्या इंजिनाला पहिले काही दिवस अगदी फुलासारखं जपणंही चुकीचं: रिंगा बसायला थोडा लोड लागतो. मध्यम लोड द्या, पाय सोडा, पुन्हा द्या. आयडलवर तासन्तास ठेवून रिंगा बसत नाहीत.

पाइप आणि कॅच कॅनची घाई

पाइप बारीक असला की वायूचा वेग वाढतो आणि वेगवान वायू ऑइल उचलून नेतो. आतला व्यास दुप्पट केला तर वेग चौथाईवर येतो. ताकद वाढवलेल्या चार सिलिंडर इंजिनाला १६ ते १९ मिमी आतला व्यास ठेवा, आणि जॉइंटसुद्धा तेवढाच. १९ चा पाइप ९ च्या निपलला जोडला तर पैसे वाया. रेडिएटरचा होज वापरू नका, ऑइलनं तो फुगतो आणि मऊ पडतो. नायट्राइल रबरचा घ्या.

पाइप कव्हरपासून कॅच कॅनपर्यंत (वायूबरोबर आलेलं ऑइल साठवणाऱ्या डब्यापर्यंत) सतत चढता ठेवा, म्हणजे निम्मं ऑइल वाटेतूनच परत येतं. मध्ये पोट सुटलं की तिथं ऑइल साठतं, पाइप बुजतो, दाब वाढतो आणि एका झटक्यात सगळं बाहेर.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त कॅन पुष्कळदा आतून नुसते रिकामे डबे असतात, आत यायची आणि बाहेर जायची भोकं शेजारी-शेजारी. त्यात भोकांच्या पत्र्याचे दोन थर बसवून घ्या. साध्या लोखंडी तारेची घासणी कोंबणं धोक्याचं: ती गंजते, तुटते, आणि कॅन इनटेकला जोडलेला असेल तर तुकडे थेट सिलिंडरमध्ये जातात. इनटेकला न जोडलेल्या कॅनवर फिल्टर हवाच; पूर्ण बंद डबा म्हणजे ब्रीदर बुजवल्यासारखंच.

हुपरीकडच्या ट्रॅकवर किंवा कुठल्याही स्पर्धेत उतरणार असाल तर कॅन ऐच्छिक नाही. एफआयएच्या (मोटर स्पर्धांची जागतिक संघटना) ॲपेंडिक्स जे या नियमावलीनुसार २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर आणि त्यापुढे ३ लिटरचा, आतलं ऑइल दिसेल असा कॅन लागतो. वळणावर सांडलेलं ऑइल मागून येणाऱ्याच्या टायरखाली जातं, आणि हेडरवर पडलेलं पेट घेतं.

गळतीवर सिलिकॉन थापणं

कव्हरच्या कडेनं ऑइल आलं की बोल्ट आवळायचे आणि सिलिकॉन फासायचं. रबरी पॅकिंगवर सिलिकॉन लावलं की ते घसरून बाहेर येतं. फक्त कॅम कॅपच्या कोपऱ्यांत टिपका चालतो. छोट्या एम६ बोल्टला बहुतेक ठिकाणी १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. त्यापुढे ॲल्युमिनियमचे आटे जातात. आणि आत दाब असेल तर एक कड बुजवल्यावर ऑइल क्रँकच्या सीलमधून येईल.

दाब आहे का हे घरी मोजता येतं. पारदर्शक पाइप 'यू' आकारात फळीवर बांधा, अर्धा पाण्यानं भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट जोडा. दोन्ही उभ्या बाजू हातभर उंच ठेवा, नाहीतर आयडलला पीसीव्ही पाणी इंजिनात ओढेल. आयडलला पाणी इंजिनाच्या बाजूला थोडं चढलं तर व्हॅक्यूम आहे, चांगलं. बाहेर ढकललं गेलं तर दाब आहे. दोन पातळ्यांत १० सेमी फरक म्हणजे साधारण ०.१४ पीएसआय, आणि आयडललाच एवढा असेल तर घाटात काय होत असेल याचा विचार करा. चालत्या गाडीत मोजायला मॅप सेन्सर (दाब मोजणारा) लावा; पाण्याचा पाइप घेऊन घाटात जाऊ नका.

पावसाळ्यात फिलर कॅपखाली पिवळट साय दिसली की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. छोट्या फेऱ्या आणि दमट हवा एवढ्यानंही ती होते. कूलंट कमी होत नसेल तर एकदा निपाणीपर्यंत गाडी चांगली तापवून आणा आणि कॅन आठवड्याला रिकामा करा.

रोज रस्त्यावरच्या गाडीत पीसीव्ही काढून ब्रीदर हवेत सोडू नका. क्रँककेसचा वायू बाहेर सोडायला प्रदूषणाच्या नियमांत परवानगी नाही, आणि आयडलला मिळणारा फुकटचा व्हॅक्यूमही जातो. कॅन मध्ये घाला, पुढची वाट पुन्हा इनटेकलाच जोडा. काम झाल्यावर कॅन पुसून कोरडा करा, ५०० किमीनंतर उघडा आणि निघालेलं मोजून लिहून ठेवा. पुढच्या ५०० ला तो आकडा वाढला तर लीक-डाउनचं गेज पुन्हा बाहेर काढा.