थडग्यातलं सोनं वाचताना या चुका टाळा

१६५३ साली, आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने गावात, चर्चजवळ खणताना एका गवंड्याच्या हाताला सोनं लागलं. त्यात एक अंगठी होती, तिच्यावर लॅटिन अक्षरं: 'राजा चिल्डेरिकची'. इ.स. ४८१ च्या सुमारास वारलेला हा फ्रँकांचा (रोमन साम्राज्याच्या पडत्या काळात उत्तर गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमकडे, सत्ता मिळवणाऱ्या जर्मॅनिक लोकांचा) राजा, त्यांचा पुढचा राजा क्लोविस याचा बाप. ते त्याचंच थडगं होतं.

अशा थडग्यांबाबत हमखास होणारी चूक म्हणजे पुरलेल्या वस्तूंवरून माणूस 'कुणातला' हे ठरवून टाकणं. तलवारीवर गार्नेट नावाचे लाल खडे दिसले की 'जर्मॅनिक' म्हणायचं आणि पुढे जायचं. पण याच चिल्डेरिकच्या झग्याला रोमन अधिकारी लावत तसला सोन्याचा ब्रोच होता. अंगठीवरच्या चित्रात केस फ्रँक राजासारखे लांब, अंगात मात्र रोमन चिलखत. दोन्हीपैकी एक निवड, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं; तो हट्ट आपला. आणि ते 'जर्मॅनिक' गार्नेट? त्या काळातले बरेचसे भारत-श्रीलंकेकडून गेलेले!

मग ओळख नुसती वेषापुरतीच होती, असं म्हणायचं का? तीही चूकच. सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा फ्रँकांचा सॅलिक कायदा पाहा. स्वतंत्र फ्रँकचा खून केला तर भरपाई २०० सॉलिडस (हे साधारण साडेचार ग्रॅमचं सोन्याचं नाणं), रोमन जमीनदाराचा केला तर १००. म्हणजे कोण कुणातला, याला रोकडी किंमत होती. पण राजाच्या पंगतीला बसणाऱ्या रोमनाचे ३०० आणि राजाच्या खास विश्वासातल्या फ्रँकचे ६००. साध्या फ्रँकपेक्षा दरबारातला रोमन महाग. त्यामुळे 'फ्रँक की रोमन' एवढंच विचारून भागत नाही, राजापासून किती हातांवर, हेही विचारावं लागतं.

श्रीमंतीचा हिशेब तर थडग्यावरून मांडूच नका. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोममधल्या अतिश्रीमंत घराण्यांचं वार्षिक उत्पन्न ४,००० रोमन पौंड सोनं होतं, असं समकालीन इतिहासकार ऑलिम्पिओडोरस लिहितो. ते सोनं जमिनींतून येई आणि वारसांकडे जाई. मढ्याबरोबर पुरायची रीत त्यांच्यात नव्हती. माझ्या मते ज्यांचा मान नवा, डळमळीत, त्यांनाच चारचौघांसमोर एवढं पुरावं लागे. सातव्या शतकानंतर दागिने पुरणं ओसरलं. तेव्हाही 'लोक गरीब झाले' म्हणू नका. दान चर्चकडे वळलं होतं.

दागिने आहेत म्हणजे ख्रिस्ती नाही, हाही गैरसमजच. फ्रँक राणी आर्नेगुंड नखशिखान्त सजवून थेट पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चमध्येच पुरलेली सापडली.

राहता राहिला चिल्डेरिकचा खजिना. १८३१ मध्ये पॅरिसमधून तो चोरीला गेला, बरंचसं सोनं वितळवलं गेलं. त्यातल्या सुमारे ३०० छोट्या सोन्याच्या मधमाश्यांपैकी उरल्या दोन. बाकीच्या आपण पाहतो त्या १६५५ मध्ये छापलेल्या चित्रांत.