कॉम्प्युटर आपोआप बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करा

घरचा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून घ्या." दुसरा, "रॅम काढून खोडरबरानं पुसा." गेली पंधरा वर्षं मी नातेवाइकांचे आणि आमच्या सोसायटीतल्या लोकांचे कॉम्प्युटर उघडतेय. त्या पहिल्या सल्ल्यापायी लोकांचे फोटो, हिशेब आणि मुलांचे प्रोजेक्ट गेलेले मी पाहिलेत, आणि कॉम्प्युटर मात्र चौथ्या दिवशी पुन्हा बंद. स्क्रीन काळी होऊन पंख्यांसकट सगळं एका क्षणात थांबत असेल, तर दोष बहुतेक वेळा विजेत किंवा उष्णतेत असतो. विंडोज नव्यानं टाकून यातलं काहीच बरं होत नाही.

मी डेस्कटॉपबद्दल लिहितेय. स्क्रीन गोठते पण पंखे चालू राहतात, किंवा निळी स्क्रीन येते, ती दुखणी वेगळी.

आधी वेळ लिहा

दोन-तीन दिवस कागदावर टिपून ठेवा: किती वाजता बंद पडला, चालू केल्यावर किती मिनिटांनी, त्या वेळी कॉम्प्युटरवर काय चाललं होतं आणि घरात दुसरं काय चालू होतं. गुरुवारची नोंद मोजू नका. पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट घालवायचा वार तोच, आणि लाइट आले-गेले यात खरं कारण हरवतं.

विंडोज काय म्हणतंय ते बघा, पण नीट वाचा

स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम उघडा. तिथे "कर्नल पॉवर ४१" अशी लाल खुणेची नोंद दिसेल. लोक हा आकडा इंटरनेटवर टाकतात आणि दिसेल तो उपाय करत सुटतात. ४१ हा आजार नाही. मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो, एवढंच विंडोज त्यात सांगतंय, आणि तेही पुन्हा चालू झाल्यावर. म्हणून त्या नोंदीवरची वेळ ही चालू होण्याची असते. बंद पडल्याची वेळ हवी असेल तर ६००८ क्रमांकाची नोंद वाचा आणि कागदाशी ताडून पाहा. ४१ च्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल, तर बहुधा वीज तुटली असं धरून चाला. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळी स्क्रीन येऊन गेली आहे, मग ड्रायव्हर आणि रॅमकडे वळा. आणि १०७४ दिसली तर कुणीतरी, बहुतेक वेळा विंडोज अपडेटनं, रीतसर बंद केलाय.

बायोसमध्ये अर्धा तास बसवा

फॉरमॅटवाल्यांना गप्प करणारी हीच चाचणी. चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जा आणि तसाच सोडून द्या. तिथे विंडोज चालूच नसतं. तिथेही बंद पडला, तर विंडोज निर्दोष. नाही पडला, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण बायोसमध्ये कॉम्प्युटरवर फारसा ताण नसतो.

भिंतीपासून सुरुवात

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंचा कॉम्प्युटर रोज सकाळी पावणेसातच्या सुमारास बंद पडायचा. दोनदा फॉरमॅट झाला होता. पावणेसातला सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो, दिवे क्षणभर मंदावतात. यूपीएस त्या क्षणी बॅटरीवर जायचा, आणि बॅटरी मेलेली. यूपीएस नसता तर तेवढा झोल कॉम्प्युटरनं कदाचित सहन केला असता.

घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बंदिस्त बॅटरी असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती दोन-तीन वर्षं काढते. हिरवा दिवा लागतोय म्हणून ती धडधाकट समजू नका. कॉम्प्युटर बायोसमध्ये ठेवा, म्हणजे काही सेव्ह व्हायचं राहणार नाही, आणि यूपीएसची भिंतीतली पिन काढा. कॉम्प्युटर तत्क्षणी गेला तर बॅटरी बदला. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळते. जुनी परत देऊन थोडी किंमत कमी करून घ्या, कचऱ्यात टाकू नका, त्यात शिसं असतं.

याच वेळी एक्स्टेंशन बोर्ड बाजूला काढा. पिन हलवल्यावर चर्र असा आवाज येत असेल किंवा सॉकेटचं तोंड पिवळट झालं असेल, तर तो बोर्ड घरात दुसऱ्या कशालाही वापरू नका.

धूळ

बंद करा, वायर काढा, गॅलरीत नेऊन ब्लोअरनं साफ करा, पंख्याची पाती बोटानं धरून. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाला लावू नका.

कूलर: इथे घाई केलीत तर सगळं वाया

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प टाका आणि आकडे वाढताना बघा. आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतो, आणि तरीही उष्णता आवरली नाही तर स्वतःला वाचवायला कॉम्प्युटर बंद करतो. एप्रिलमध्ये पुण्यात खोलीच ३५ अंशांवर असते, त्यामुळे कामात ७५-८० दिसले तर घाबरायचं कारण नाही. चालू केल्यावर दोन मिनिटांत ९५ गाठत असेल तर कूलर, म्हणजे प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा, प्रोसेसरला नीट टेकलेला नाही. आणखी एक खूण: बंद पडल्यावर लगेच चालू केला तर आधीपेक्षा लवकर पडतो, तासभर थांबलात तर जास्त टिकतो.

हे मी पैसे घालवून शिकले. भाच्याचा कॉम्प्युटर साफ करताना मी कूलर काढून परत बसवला. दुसऱ्या दिवसापासून तो तीन मिनिटांत बंद पडायला लागला. मी एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घेतला, नवा आणला, तरी तेच. त्याची सबमिशन दोन दिवसांवर आली होती आणि रात्री अकराला मी मदरबोर्ड बाहेर काढून उलटा केला. चारपैकी एका भोकातून कूलरच्या खिळीचे पांढरे पाय जेमतेम डोकावत होते, फाकलेले नव्हते. वरून बघताना चारही खिळ्या अगदी सारख्या दिसत होत्या.

इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरबरोबर आलेल्या गोल कूलरला अशा चार प्लॅस्टिकच्या खिळ्या असतात. काळ्या टोपीवर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेनं फिरवली की खिळी सुटते. बसवताना चारही टोप्या बाणाच्या उलट दिशेला फिरवून मूळ जागी आणायच्या आणि मगच दाबायच्या. त्या सुटलेल्या स्थितीत असताना दाबल्या की बसल्यासारख्या वाटतात आणि तासाभरात उचकटतात.

आता माझं ठाम मत. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवून या खिळ्या दाबू नका. "पाच मिनिटांचं काम आहे" असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. उभ्या कॅबिनेटमध्ये बोर्ड मागे वाकतो, तुम्ही घाबरून जोर कमी लावता आणि एक खिळी अर्धवट राहते. बोर्ड बाहेर काढा, पुठ्ठ्यावर आडवा ठेवा. समोरासमोरच्या दोन तिरक्या खिळ्या एकदम दाबा, टक असा आवाज ऐका, मग उरलेल्या दोन. मग बोर्ड उचलून मागून बघा: प्रत्येक भोकात पांढरे पाय फाकलेले आणि त्यांच्या मधोमध काळी खिळी आलेली दिसलीच पाहिजे. एखादा पाय तुटला असेल तर दोऱ्यानं, तारेनं बांधायच्या फंदात पडू नका, कूलर बदला.

एकदा कूलर उचलला की जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) गेली असं समजा. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू चकचकीत पुसा आणि मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा. पसरवायचं काम कूलरच्या दाबाचं. टूथपेस्ट लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती थोड्या दिवसांत वाळून खडू होते.

एएमडीचा जुना एएम-४ प्रोसेसर असेल तर कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट घट्ट झालेली असली तर कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या बारीक पिना वाकतात. आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून, वायर काढून, कूलर हळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

एसएमपीएस

गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू करताच बंद पडतो, तापमान मात्र ठीक आहे, तर संशयित हाच. सुट्या एसएमपीएसच्या प्लगमध्ये पेपरक्लिप अडकवून त्याचा पंखा फिरवून दाखवायची युक्ती कामाची नाही, त्यात ताण पडतच नाही. मल्टिमीटर असेल तर कॉम्प्युटर कामात असताना पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. खात्रीची चाचणी एकच: कुणाचा तरी चांगला एसएमपीएस दोन दिवस उसना लावून बघा.

विकत घेताना "४५० वॅट" या मोठ्या अक्षरांकडे बघू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि १२ नं गुणा. १८ अँपिअर असतील तर तुमच्या कामाचे २१६ वॅटच आहेत.

जुना एसएमपीएस उघडू मात्र नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्यात, ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ही सूचना मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

तरीही पडत असेल तर

कॅबिनेटचं पॉवर बटण आत अडकतंय का ते बघा. ते चार सेकंद दाबलेलं राहिलं की कॉम्प्युटर बंद होतो. कॉम्प्युटर चालू झाल्यावर त्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डवरून काढून ठेवा. तसा नीट चालला तर दोष सापडला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले असतील तर पुढचं काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं.

दुरुस्ती झाली की कॅबिनेटची बाजू लावून, कॉम्प्युटर नेहमीच्या जागी टेबलाखाली ठेवून, तासभर जड काम चालवा. उघड्या कॅबिनेटमध्ये ७० अंशांवर राहिलेला माझ्या भाच्याचा कॉम्प्युटर झाकण लावल्यावर ८२ वर गेला होता, आणि तो मी टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढला तेव्हाच खाली आला.