स्वयंपुनर्विकासाचा आराखडा देखभालीच्या बिलापासून सुरू करावा

विकासकाला न देता संस्थेने स्वतःच जुनी इमारत पाडून नवी बांधणे म्हणजे स्वयंपुनर्विकास. त्यात विकासकाचा नफा संस्थेकडेच राहतो, एवढे मुंबईतील जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या बहुतेक सभासदांना आता ठाऊक झाले आहे. त्यामुळे पहिल्या सभेत प्रत्येकाला किती जादा चौरस फूट मिळणार, यावरच चर्चा रंगते. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. नव्या इमारतीचे दरमहा येणारे देखभालीचे बिल निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला भरता येईल का, हे आधी ठरवावे. कारण ते भरता आले नाही तर तो सभासद घर विकून दूरच्या उपनगरात जातो आणि जुना शेजार मोडतो.

कागदपत्रांची पूर्वतयारी थोडक्यात सांगतो. जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे तिची मालकी संस्थेच्या नावे होणे, झालेले नसेल, तर 1963 च्या मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (मूळ मालक वा विकासक पुढे येत नसतानाही होणाऱ्या हस्तांतरणासाठी) अर्ज करावा, मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव लावून घ्यावे आणि संरचनात्मक तपासणी करून घ्यावी. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79 अ खाली 4 जुलै 2019 रोजी निघालेल्या शासन निर्णयातील पुनर्विकासाची कार्यपद्धती काटेकोरपणे पाळावी आणि सभेचे चित्रीकरण टाळू नये. पुढे कोणी न्यायालयात गेले तर हेच कागद उपयोगी पडतात. कर्जासाठी मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची स्वयंपुनर्विकास योजना पाहावी.

वास्तुविशारदाची नेमणूक करण्यापूर्वी बिलाचा कच्चा हिशेब मांडावा. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चावर दरसाल किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधीसाठी आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंडासाठी (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी) घ्यावे लागतात. एका सदनिकेचा बांधकाम खर्च 30 लाख रुपये धरला, तर या दोन निधींचेच वर्षाला 30,000 रुपये, म्हणजे महिन्याला 2,500 रुपये होतात. लिफ्ट, पंप, पहारेकरी, सफाई आणि विमा यांचा खर्च त्यावर वेगळा. इमारत जितकी उंच, तितक्या लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणा अधिक, आणि यांत्रिक पार्किंग घेतले तर त्याचा वार्षिक देखभाल करार कायमचा मागे लागतो. त्यामुळे उपलब्ध एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल ती मर्यादा) वापरायचाच म्हणून दोन मजले वाढवण्याआधी त्या मजल्यांच्या विक्रीतून मिळणारी रक्कम आणि त्यांनी वाढवलेला कायमचा खर्च समोरासमोर ठेवावा.

क्षेत्रफळाच्या बाबतीत एक बारकावा सहसा कोणी सभेत सांगत नाही. मुंबई महापालिकेच्या हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंत चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) असलेल्या निवासी सदनिकांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता करात सूट आहे. 490 ऐवजी 530 चौरस फुटांचे घर मागणारा सभासद चाळीस फुटांसाठी ही सूट गमावतो. ज्याला परवडते त्याने मोठे घर जरूर घ्यावे. परंतु सर्वांच्या माथी एकच क्षेत्रफळ मारू नये. नकाशात दोन-तीन आकारांची घरे ठेवली, तर ज्याला वाढीव क्षेत्र नको असेल त्याला त्याचा मोबदला कॉर्पसच्या, म्हणजे एकरकमी ठेवीच्या, रूपाने देता येतो आणि त्या रकमेच्या व्याजातून त्याचे बिल भागते.

पर्यावरणपूरक सोयींचे मोलही याच बिलावर तपासावे. गच्चीवरील सुमारे 1,000 चौरस फुटांत 10 किलोवॅटचा सौर संच बसतो आणि तो दिवसाला सरासरी 40 युनिट वीज देतो, ज्यातून सामायिक दिवे व पंपांचा बराच भार निघतो. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत संस्थांच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये अनुदान आहे. मात्र पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टच्या खोलीची सावली पॅनेलवर पडणार नाही, अशी गच्चीची आखणी नकाशातच व्हायला हवी. नंतर जागा उरत नाही. पावसाचे पाणीही तसेच: 300 चौरस मीटरच्या गच्चीवर 2,000 मिलीमीटर पाऊस पडला, तर गळती-बाष्पीभवन वजा जाऊनही साडेचार लाख लिटरपेक्षा अधिक पाणी हाती लागते. ते मुख्यतः चार महिन्यांतच येत असल्याने वर्षभर पुरेल अशा साठवण टाकीचा हट्ट धरू नये. टाकी लहान ठेवून उरलेले पाणी जमिनीत मुरवणाऱ्या पुनर्भरण खड्ड्यात सोडावे.

शेजाराची रचना नकाशातच करावी लागते. चाळीच्या गॅलरीत येता-जाता माणसे भेटत. बंद लॉबीत ती लिफ्टची वाट पाहतात. लॉबीला एक बाजू उघडी ठेवून तिथे बाकडे बसेल एवढी रुंदी दिली, तर उजेड-वारा येतो, दिवसा दिवे लावावे लागत नाहीत आणि माणसे थांबतात. बाहेरच्यांना विकायच्या सदनिकांसाठी वेगळी विंग आणि वेगळे प्रवेशद्वार मागणारे सल्लागार भेटतील, आणि त्याने दर थोडा चढतोही. तरीही संस्थेने ते नाकारावे, कारण पुढे एकाच संस्थेत दोन गट पडतात आणि प्रत्येक खर्चावर सभेत मतदान अडते.

बांधकामाच्या काळात सभासद भाड्याच्या घरांत विखुरतात, म्हणून इमारत रिकामी करण्यापूर्वीच सदनिका वाटपाची सोडत काढून तिची नोंद इतिवृत्तात घ्यावी. वृद्ध आणि अपंग सभासदांची खालच्या मजल्यांवरील घरे मात्र सोडतीतून आधीच वगळावीत, आणि तो ठराव सोडतीच्या सभेत न मांडता त्याआधीच्या सभेत मंजूर करून घ्यावा.