‘सर, अल्फा मायनसमध्ये आलाय!’ : मानसशास्त्राच्या प्रोजेक्टमधल्या या चुका टाळा

मार्च उजाडला की एम.ए.च्या प्रोजेक्टच्या फायली माझ्या टेबलावर येऊन पडतात. दर वर्षी मुलं नवी, बाइंडिंगचा रंग नवा, चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागात पडते ती इंग्रजी प्रश्नावली एका रात्रीत मराठीत आणायची हौस. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोझेनबर्गची आत्मसन्मान मापनी घेतली. १९६५ची, अवघी १० विधानं. बाईसाहेबांनी मोबाइलवर भाषांतर केलं, ६० गृहिणींकडून फॉर्म भरून आणले आणि निष्कर्ष ठोकला : गृहिणींचा आत्मसन्मान कमी. मी फॉर्म चाळायला घेतले. पाचव्या विधानापुढे जवळजवळ सगळ्यांची खूण ‘पूर्ण सहमत’वर. विधान होतं, ‘माझ्याकडे गर्व करण्यासारखे फारसे काही नाही.’ आता ‘गर्वाचं घर खाली’ ऐकत वाढलेली कोणती बाई याला असहमत म्हणेल? तिथे ‘अभिमान’ हवा होता. त्यात हे नकारार्थी विधान, म्हणजे गुण उलटे : पूर्ण सहमतीला शून्य. बायका विनयाने वागल्या आणि आम्ही त्यांचे गुण कापले. ‘मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा अशी इच्छा आहे’ या अशाच उलट्या गुणांच्या विधानापुढे तर एकीने पेनने लिहिलं होतं, ‘हो, का नाही?’

साठच्या साठ फॉर्म बाद. पोरगी रडली. मी चहा पाजला आणि पुन्हा कामाला लावलं.

उपाय जुनाच आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रिस्लिनने १९७०मध्ये मांडलेलं उलट-भाषांतर : एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचं पुन्हा इंग्रजी, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडायचं. मी त्याआधी प्रत्येक विधान आईला वाचून दाखवतो. ती ‘म्हणजे काय रे?’ म्हणाली की ते विधान परत लिहायचं.

आता तो मायनस अल्फा. अल्फा म्हणजे मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा; तो शून्याखाली गेला की कुठेतरी घोळ आहे. सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका. याच मापनीत १०पैकी ५ विधानं उलटी आहेत. ती न उलटवता बेरीज केलीत की असंच होणार. मी उलटवलेले गुण वेगळ्या रकान्यात ठेवतो, जुन्या रकान्याला हात लावत नाही, आणि एक फॉर्म तरी कागदावर हाताने मोजून बघतो. दहा मिनिटं लागतात. मुलांना तीही जड जातात.

फॅमिली ग्रुपवर गुगल फॉर्म टाकलात तर त्याला ‘रँडम सँपल’, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जायची संधी असलेला नमुना, म्हणू नका. तो सोयीचा नमुना, हाताशी आले त्या लोकांचा. ‘सोयीचा’ असं खरं लिहिलं म्हणून कोणी फाशी देत नाही.

मोबाइलचा वापर आणि चिंता यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबतीने वाढतात-घटतात त्याचा आकडा) ०.४ आला म्हणून ‘मोबाइलमुळे’ लिहू नका. चिंतेने झोप उडालेला माणूसही रात्री मोबाइलच हातात घेतो.

‘सर, सिग्निफिकंट येत नाहीये, काय करू?’ सिग्निफिकंट (लक्षणीय) म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा येणार नाही असा निकाल. तो नाही आला तर काही करू नकोस, तसंच लिही. निकाल पाहून परिकल्पना, म्हणजे आधी मांडलेला अंदाज, बदलायची खोड मोठ्यांनाही आहे. २०१५मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत निकाल पुन्हा लक्षणीय आला. त्यामागच्या कारणांत ही खोडही धरतात.

आणि संमतीपत्र आधी घ्या. एकाने माझ्यापुढे ४० सह्या ठेवल्या, सगळ्या एका शाईच्या, एका वळणाच्या. विचारलं तर म्हणतो, ‘सर, सगळे एकाच होस्टेलचे आहेत ना.’