लाकडी सांगाड्यावरील विटांची रुंद कमान : या चुका टाळा

कोकणातल्या जुन्या चिरेबंदी घरांच्या कमानी टिकल्या, कारण त्यांचा बाजूंना जाणारा रेटा पेलायला जांभ्याच्या जाड भिंती होत्या. लाकडी सांगाड्याच्या घराला बाहेरून अर्ध्या विटेचे अस्तर देऊन पडवीच्या रुंद दारावर तशीच कमान काढली, तर दिसायला ती सारखी असली तरी तिच्यामागे भिंत नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे या विटांचे वजन लाकडी तुळईवर टेकवणे. असे अस्तर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि सततच्या भाराखाली हळूहळू वाकत जाते. वीट त्याच्याबरोबर वाकत नाही, ती तडकते. म्हणून वजन बाजूच्या विटांच्या खांबांतून थेट पायावर जावे आणि अस्तर बाहेर कलू नये एवढ्यापुरतेच ते धातूच्या पट्ट्यांनी सांगाड्याला बांधावे.

दुसरी चूक रेट्याची. तीन मीटर रुंदीच्या कमानीवर मीटरमागे २०० किलो भार आणि कमानीची टोकांपासून माथ्यापर्यंतची उंची ६० सेंटिमीटर धरली, तर प्रत्येक टोकाला सुमारे ३७५ किलोचा आडवा रेटा येतो; देखणी दिसते म्हणून उंची ३० सेंटिमीटरवर आणली की तोच ७५० किलो होतो. दाराशेजारी दोन हातांचा खांब असेल, तर तो सरकणारच. अशा ठिकाणी कमान केवळ शोभेची मानून भार लोखंडी अँगलवर, म्हणजे काटकोनात वळलेल्या पट्टीवर, घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. अँगल दोन्ही टोकांना किमान १०० मिलिमीटर विटांवर टेकलेला असावा आणि तीन मीटरमध्ये पाच मिलिमीटरपेक्षा जास्त वाकू नये. त्याचे माप अभियंत्याकडूनच काढून घ्यावे.

खाऱ्या हवेत नुसता रंग दिलेला अँगल टिकत नाही. कापणे आणि वेल्डिंग उरकल्यानंतर त्यावर जस्ताचा गरम मुलामा द्यावा. अगदी समुद्रालगत स्टेनलेस स्टील परवडते. अँगलवर पाणी अडवणारा पत्रा बसवून त्याच्या लगेच वरच्या थरात पाणी निघायला भोके ठेवावीत, विटा आणि लाकूड यांच्यात २५ मिलिमीटर पोकळी मोकळी सोडावी. गवंडी काम नीटनेटके दिसावे म्हणून हीच भोके सिमेंटने बुजवतो, तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहणे बरे.

बिघाड भेगांवरून ओळखता येतो. कमानीच्या मधोमध, खालच्या बाजूने उघडलेली भेग म्हणजे टेकू बाहेर सरकले आहेत. अँगलच्या टोकाशी तांबूस डागांसह आडवी भेग असेल, तर गंजलेले लोखंड फुगून विटा उचलत आहे. अशा भेगेत सिमेंट भरल्याने काहीच साधत नाही, कमानीला धिरे देऊन अँगल बदलावा लागतो. दार वरून घासू लागले, तर चौकट तासण्याआधी विटांचे वजन लाकडावर उतरले आहे का, हे पाहावे.