बडोद्यात तेबोरी गोंदवून घेताना

गरब्याच्या घामाने ताजं गोंदण चिघळतं, म्हणून नवरात्राच्या निदान चार आठवडे आधी काम उरका. तेबोरी या जपानी गोंदणपद्धतीत दांडीला लावलेला सुयांचा जुडगा हाताने टोचतात. सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोरच फोडायला लावा. शाई बाटलीतून थेट नको, नव्या छोट्या वाटीत ओतलेलीच हवी. यात भीड बाळगू नका.

घरी दिवसातून दोनदा साध्या साबणाने धुवा, टिपून कोरडं करा, मलम अगदी पातळ लावा. थर जाड झाला की खपली भिजते, रंग सुटतो. हळद तर नकोच. पुढे १२ महिने रक्तदान बंद.

जपानला जाणार असाल तर आधी चौकशी करा: गोंदण्यावरची बंदी १९४८ साली उठली, तरी गरम झऱ्यांची बरीच स्नानगृहं गोंदलेल्यांना आजही आत घेत नाहीत. लहान गोंदण असेल तर काही ठिकाणी चिकटपट्टीने झाकून चालतं.