चिखलात नाल पडली तर

पावसाळी दिवसांत घोडा रानातून एक पाय जपून टाकत परत आला, तर लगेच नाल शोधायला धावू नका. आधी पाय उचला, खूर धुवा आणि तळवा नीट बघा. नाल वाकून निघाली असेल, तर तिचाच एखादा खिळा तळव्यात घुसलेला असू शकतो. तसं दिसलं तर घोडा आहे तिथेच उभा ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. खिळा किती आत आणि कुठल्या दिशेने गेलाय, हे तो जागेवर असतानाच नीट कळतं. पाय टेकताना तो आणखी आत जात असेल, तरच काढा. काढलेली जागा खुणेने दाखवून ठेवा. धनुर्वाताची लस कधी दिली होती, तेही पशुवैद्याला सांगा. जखम नसेल तर तळव्याखाली कापसाची जाड घडी, वर बँडेज आणि त्यावर रुंद चिकटपट्टीचे चार-पाच थर द्या. पट्टी खुराच्या वरच्या केसाळ कडेवर आवळू नका.

एका नालेला साधारण 6 ते 8 खिळे असतात. खुराच्या भिंतीतली भोकं मोजा, त्यात अडकून राहिलेले खिळे वेगळे मोजा. हा हिशेब पुढे लागतोच.

शोधायला उतरण्याआधी रानातली सगळी जनावरं बाहेर काढा. त्यांच्या प्रत्येक पावलाबरोबर नाल खोल जाते आणि ठसेही मोडतात. पुढच्या पायाची नाल बहुधा मागच्या पायाने उपटली जाते: चिखलात पुढचा पाय उचलायला उशीर होतो आणि मागच्या खुराचं टोक नालेच्या मागच्या टोकावर पडतं. म्हणून घोडा जिथे एकदम वळतो, थांबतो किंवा पळत सुटतो तिथे आधी बघा. फाटक, पाणी पिण्याची जागा, वैरणीची जागा, कुंपणालगतची पायवाट, उतार. नालेचा शेवटचा स्पष्ट ठसा आणि बिननालेचा पहिला ठसा यांच्यामधला पट्टा मिळाला, तर अर्धं काम झालं. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना ठसे चांगले उठून दिसतात.

मेटल डिटेक्टर असूनही नाल सापडत नाही, तेव्हा चूक बहुतेकदा सेटिंगची असते. नाणी-दागिने शोधणारे लोक लोखंड गाळून टाकणारी सेटिंग ठेवतात. पोलादी नाल त्यातच गाळली जाते. सगळे धातू दाखवणारी सेटिंग लावा. दोऱ्या बांधून मीटर-दीड मीटर रुंदीचे पट्टे आखा. डिटेक्टरची चकती जमिनीपासून 3 ते 5 सेंटीमीटरवर, जमिनीला समांतर, सावकाश फिरवा आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवा. हात दमला की टोकाला चकती वर उचलली जाते, आणि नेमकं तिथलंच सुटतं. विजेचं कुंपण बंद करा. लोखंडी फाटक आणि तारेजवळ यंत्र वाजतच राहतं, तिथे दाताळं वापरलेलं बरं. पायात पोलादी टोकाचे बूट नकोत. ओल्या जमिनीत यंत्र उगाच किरकिरू लागलं तर संवेदनशीलता थोडी कमी करा. आवाज आला की आडवी-उभी फेरी मारून मध्य धरा आणि पातळ सळईने हलकेच टोचत जा. हात घालू नका, खिळे वर तोंड करून असू शकतात.

चाकांवरचा लोहचुंबक ओढून काम होईल, असं अनेकांना वाटतं. अंतर वाढलं की त्याची ओढ झपाट्याने घटते. वीतभर चिखलातली नाल तो वर काढत नाही. वर पडलेले सुटे खिळे उचलायला मात्र तो उत्तम. ॲल्युमिनियमच्या नालेला तो चिकटणारच नाही, डिटेक्टर तिच्यावरही वाजतो.

नाल मिळाली की तिच्यातले आणि खुरातले खिळे मिळून भोकांइतके भरतात का पाहा. एक कमी असेल तर शोध संपलेला नाही.

काहीच सापडलं नाही, तर पट्ट्याच्या चार कोपऱ्यांवर काठ्या रोवा. चिखल सुकून जमीन आक्रसली की पुन्हा फिरा. गवत कापणीच्या आधी एकदा तर नक्कीच, कारण यंत्राच्या पात्यावर आलेली नाल दगडासारखी उडते आणि खिळे टायरमध्ये जातात.

खूर सतत ओला-कोरडा होत राहिला की भिंत मऊ पडते, खिळ्यांची भोकं सैल होतात. ओल्या हंगामात नालबंदी 6 आठवड्यांपुढे ढकलू नका. खुराबाहेर वळवलेल्या खिळ्यांच्या टोकांवरून रोज बोट फिरवा. टोक वर आलेलं लागलं तर घोडा त्या दिवशी चिखलात सोडू नका. मागचा पाय पुढच्यावर पडण्याची खोड असेल तर पुढच्या पायांना घंटेच्या आकाराचे रबरी बूट घाला. सापडलेली नाल वाकडी नसेल तर नालबंद तीच पुन्हा बसवू शकतो, तेव्हा धुऊन, खिळे काढून त्याच्यासाठी ठेवा.